रुग्णालयातील बिनतारी संदेशव्यवस्था : गटवाहिन्या आणि आपत्कालीन इशारा

(संस्थेच्या वर्धापनदिनी विश्वस्त, कर्मचारी व देणगीदार यांच्यासमोर प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



अहवालाच्या जोडपत्रात मालमत्तेची जी यादी आहे, तीत यंदा ‘बिनतारी हातसंच, रिपीटर व चार्जर’ अशी एक ओळ नव्याने आली आहे. डायलिसिस यंत्राच्या किंवा शस्त्रक्रियागृहातील दिव्यांच्या तुलनेत ही रक्कम किरकोळ असल्याने ती कोणाच्या नजरेत भरण्याचे कारण नव्हते. तथापि दोन विश्वस्तांनी अत्यंत रास्त असा प्रश्न विचारला, की आज प्रत्येकाच्या खिशात मोबाइल असताना वॉकीटॉकीवर हा खर्च कशासाठी? धर्मादाय संस्थेत प्रत्येक रुपया कोणीतरी विश्वासाने दिलेला असतो. त्यामुळे या प्रश्नाचे सविस्तर उत्तर देणे मी माझे कर्तव्य समजते. मी वाणिज्य शाखेची पदवीधर आहे. रेडिओलहरींविषयीचे माझे ज्ञान पुरवठादाराच्या अभियंत्याला प्रश्न विचारून आणि रात्रपाळीच्या मंडळींबरोबर जिने चढउतार करून मिळवलेले आहे, हे आरंभीच सांगितलेले बरे.

मोबाइल आणि बिनतारी संच या दोहोंतून आवाजच जातो, पण त्यांची रचना मुळातच निराळी आहे. मोबाइलवरचे बोलणे आपल्या हातातून थेट शेजारच्या इमारतीत जात नाही. ते कंपनीच्या मनोऱ्याकडे जाते आणि तेथून परत येते. मनोऱ्याचा वीजपुरवठा खंडित झाला, किंवा एकाच वेळी हजारो लोकांनी फोन लावले, की आपला फोन निकामी होतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मुंबईच्या मोठ्या भागात दूरध्वनी व मोबाइल सेवा कोलमडली, हे आपल्यापैकी अनेकांनी अनुभवले आहे. २६ जानेवारी २००१ च्या भूज भूकंपानंतर कच्छमधील दूरसंचार यंत्रणा बंद पडली आणि हौशी रेडिओचालकांनी आपली यंत्रे तेथे नेऊन निरोपांची देवाणघेवाण चालवली. या मोठ्या आपत्ती झाल्या. आपल्या तळघरातील औषधभांडारात किंवा क्ष-किरण विभागाच्या शिसे घातलेल्या भिंतींआड मोबाइलची रेघ नाहीशी होण्यासाठी भूकंपाची गरज लागत नाही.

दुसरा भेद याहून महत्त्वाचा आहे. फोन एकाला लागतो. बिनतारी संचावरचा शब्द एकाच क्षणी संपूर्ण गटाला ऐकू जातो. नंबर शोधणे, घंटा वाजणे, समोरच्याने फोन खिशातून काढणे, हे सारे त्यात नाही. बटण दाबले, बोलले, सर्वांनी ऐकले. याची किंमत अशी, की एका वेळी एकानेच बोलायचे असते. बटण दाबलेले असेपर्यंत आपला संच बोलतो, पण ऐकत नाही. बटण सोडल्यावर ऐकतो, पण बोलत नाही. ही एवढी एक गोष्ट ज्याला उमगली, त्याचे निम्मे प्रशिक्षण झाले असे मी मानते.

आता ही खरेदी ज्या प्रसंगामुळे झाली, तो सांगते. गेल्या पावसाळ्यात एका रात्री वीज गेली. जनरेटर सुरू झाला, परंतु शस्त्रक्रिया विभागाची लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यांच्या मध्ये थांबली ती थांबलीच. आत नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्या एक आजी, त्यांच्यासोबत एक सिस्टर व वॉर्डातील एक मामा होते. आजींना छोट्या सिलिंडरमधून प्राणवायू सुरू होता. लिफ्टच्या पोलादी पेटीत मोबाइलला रेंज नव्हती. सुदैवाने त्या मामांजवळ आपल्या चार जुन्या वॉकीटॉकींपैकी एक होती. दाराच्या फटीपाशी संच धरून ते म्हणाले, “लिफ्ट अडकली, पेशंट आहे.” वाक्य खरे होते, पण अपुरे होते. आपल्याकडे तीन लिफ्ट आहेत. कोणती लिफ्ट, हे विचारण्यासाठी फाटकावरील सुरक्षारक्षक, जनरेटरपाशी असलेले वीजतंत्री आणि अपघात विभागातील मदतनीस असे तिघेही एकदम बोलू लागले. मामा आतून उत्तर देत होते; ते कोणालाच ऐकू जात नव्हते.

त्याचे कारण मला पुढे अभियंत्याने समजावून दिले. जुन्या पद्धतीच्या संचांत एकाच वाहिनीवर दोन लहरी एकदम आल्या, तर ऐकणाऱ्या संचात जी प्रबळ असेल ती दुबळीला गिळून टाकते. फाटकावरील रक्षक मोकळ्यावर उभा होता, त्याची लहर जोरकस होती. लिफ्टमधल्या माणसाची लहर पोलादातून झिरपत बाहेर येत होती. म्हणजे ज्याला मदत हवी होती त्याचाच आवाज बुडाला, आणि जे मदतीला धावू इच्छीत होते त्यांनीच तो बुडवला. अखेर वीजतंत्र्यांनी संच खाली ठेवून सरळ जिने चढायला सुरुवात केली आणि प्रत्येक मजल्यावर लिफ्टच्या दारावर थाप मारून पाहिली. लिफ्ट हाताने खाली घेतली गेली. आजी सुखरूप बाहेर आल्या व आठ दिवसांनी घरी गेल्या. सिस्टर त्या सर्व वेळ सिलिंडरच्या काट्याकडे पाहत उभ्या होत्या. काटा किती खाली गेला होता, हे त्यांनी दुसऱ्या दिवशी मला सांगितले. तो आकडा मी येथे सांगत नाही. विश्वस्तांना तो ठाऊक आहे.

त्या रात्री संच होते, गट नव्हते. चारही संच एकाच वाहिनीवर होते, इशाऱ्याची सोय नव्हती आणि कसे बोलावे हे कोणी कोणाला शिकवलेले नव्हते. नवी व्यवस्था या तीन गोष्टींची आहे.

प्रथम गटांविषयी. पूर्वी वाहिनी म्हणजे एक कंप्रता, असा साधा हिशेब होता. नव्या अंकीय संचांत एकाच कंप्रतेवर अनेक गट नांदू शकतात. प्रत्येक संदेशाबरोबर गटाचा क्रमांक जातो आणि त्या गटाचे संचच तेवढे बोलू लागतात, बाकीचे गप्प राहतात. आपण चार गट केले आहेत : सुरक्षा, रुग्णवहन, ज्यात सर्व मामा, मावशी व लिफ्टमन येतात, देखभाल, म्हणजे वीज, पाणी व प्राणवायू, आणि चौथा अपघात विभाग व रुग्णवाहिका. संचाच्या माथ्यावरील चकती फिरवली की गट बदलतो. यांखेरीज ‘सर्वांना’ अशी एक हाक आहे, ती फक्त नियंत्रण कक्षातून व रात्रपाळीच्या पर्यवेक्षकांच्या संचातून देता येते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. गट वाढवले म्हणजे एकाच वेळी होणारी संभाषणे वाढली, असे होत नाही. आपण घेतलेल्या डीएमआर पद्धतीत साडेबारा किलोहर्ट्झची एक वाहिनी काळाच्या दोन खणांत विभागलेली असते. तीस-तीस मिलिसेकंदांचे हे खण आळीपाळीने येतात. एकाच फलाटावर दोन गाड्या आलटून पालटून लागाव्यात, तसा हा प्रकार आहे. कानाला ते तुटक वाटत नाही, पण रिपीटर एक असेल तर एका वेळी संभाषणे दोनच. तिसऱ्याने बटण दाबले, तर त्याला ‘थांबा’ असा सूर ऐकू येतो. म्हणून काही विभागप्रमुखांनी प्रत्येक कक्षासाठी स्वतंत्र गट मागितला, तेव्हा मी तो नाकारला. दहा गट करणे हे केवळ संचातील नोंदींचे काम आहे, त्याला खर्च येत नाही. पण माणसे दहा ठिकाणी विखुरली, की हाक ऐकायला कोणी उरत नाही. उलट एकच गट ठेवला, तर जेवणाच्या गाडीची विचारपूस चालू असताना प्राणवायूचा निरोप अडून बसतो. चार हा आकडा आम्ही पंधरा दिवस नोंदी ठेवून ठरवला आहे. पुढे बदलावा लागला तर बदलू.

रिपीटर हे यंत्र गच्चीवर बसवले आहे. हातसंचाची क्षीण लहर ते एका कंप्रतेवर घेते आणि त्याच क्षणी दुसऱ्या कंप्रतेवर अधिक जोराने सोडते. त्यामुळे तळघरातील माणूस पाचव्या मजल्यावर ऐकू येतो. परंतु ते यंत्रच बंद पडले तर? त्याला बॅटरीचा आधार आहे, तरीही चकतीच्या शेवटच्या खुणेवर ‘थेट’ अशी वाहिनी ठेवलेली आहे. तीवर संच रिपीटरविना परस्परांशी बोलतात. पल्ला कमी होतो, पण एका इमारतीपुरते काम भागते. रिपीटर बंद पडल्याचा सूर ऐकू आला, की सर्वांनी चकती शेवटच्या खुणेवर न्यावी, असा नियम केला आहे. दर सोमवारी सकाळी सात वाजता पाच मिनिटे ही वाहिनी वापरून पाहिली जाते. ज्यांना ती कटकट वाटते त्यांना माझी विनंती आहे, की त्यांनी एकदा तळघरात उभे राहून ती ऐकावी.

आता बोलण्याविषयी. चित्रपटांमुळे ‘रॉजर’ आणि ‘ओव्हर अँड आऊट’ हे शब्द सर्वांना पाठ आहेत. आपल्या सुरक्षारक्षकांना ते फार आवडतात. वस्तुतः ‘ओव्हर’ म्हणजे माझे बोलणे झाले, आता तुम्ही बोला. आणि ‘आऊट’ म्हणजे संभाषण संपले. दोन्ही एका श्वासात म्हणणे म्हणजे ‘बसा, निघा’ असे एकदम म्हणण्यासारखे आहे. आपण साध्या मराठीत ‘बोला’ आणि ‘संपले’ एवढेच शब्द ठेवले आहेत. प्रथम ज्याला हाक मारायची त्याचे नाव, मग आपले. ‘देखभाल, देखभाल, मी पुरुष शस्त्रक्रिया कक्ष. बोला.’ समोरून ओ आली, की आधी ठिकाण सांगायचे, मग काय झाले ते, मग काय हवे ते. ठिकाण आधी, कारण वाक्य मध्येच तुटले तरी मदत कोठे न्यायची हे तरी कळते. बटण दाबल्यावर एक सेकंद थांबून बोलावे, अन्यथा पहिला शब्द गिळला जातो, आणि बहुधा तो मजल्याचाच असतो. संच तोंडापासून दोन-तीन बोटे दूर, उभा धरावा. ओरडू नये, ओरडल्याने आवाज मोठा होत नाही, फाटतो.

आकड्यांच्या बाबतीत मराठी माणसाने विशेष जपले पाहिजे. त्रेपन्न, त्रेसष्ट, त्र्याहत्तर, सत्तावन्न, सत्त्याण्णव, एकोणसाठ, एकोणसत्तर. शांत खोलीत हे शब्द स्पष्ट ऐकू येतात, पण जनरेटरशेजारी नाही. त्यातच आपले काही सहकारी हिंदीभाषक आहेत. त्यांचे ‘उनसठ’ आणि ‘उनहत्तर’ ऐकताना आपला गोंधळ होतो आणि आपले ‘एकोणसत्तर’ ऐकताना त्यांचा. म्हणून संचावर आकडे सुटे सांगायचे : खाट पाच-तीन, खाट सहा-तीन. ऐकणाऱ्याने ते उलट म्हणून दाखवायचे. ‘बी’ आणि ‘डी’ या कक्षांसाठी आपल्या जुन्या टेलिफोन ऑपरेटर मंडळींची ‘बी फॉर बॉम्बे, डी फॉर दिल्ली’ ही रीतच कायम ठेवली आहे. मुंबईचे नाव १९९५ साली बदलले, म्हणून ही खूण बदलावी असा एक प्रस्ताव आला होता. तो मी विनयपूर्वक बाजूला ठेवला.

रुग्णाचे नाव, आजार किंवा निधनाची वार्ता संचावर उच्चारू नये, हा नियम मेट्रननी घालून दिला आणि तो मला अत्यंत योग्य वाटतो. संचाचा आवाज व्हरांड्यात उभ्या असलेल्या नातेवाइकांच्या कानी पडतो. साध्या संचांवर जे ‘गुप्त सांकेतिक क्रमांक’ असतात, त्यांनी गुप्तता लाभते हाही एक भ्रम आहे. त्या क्रमांकांमुळे इतरांचे बोलणे आपल्याला ऐकू येत नाही, एवढेच. आपले बोलणे इतरांना ऐकू येत नाही असे मुळीच नाही.

यापुढचा भाग सर्वांनी, विशेषतः रात्रपाळीच्या सिस्टरांनी, लक्षपूर्वक ऐकावा. संचाच्या माथ्यावर, अँटेनाजवळ, नारिंगी रंगाचे एक छोटे बटण आहे. ते चुकून दाबले जाऊ नये म्हणून थोडा वेळ दाबून धरावे लागते. ते दाबले, की चकती कोणत्याही गटावर असली तरी संच स्वतः ठरवून दिलेल्या आपत्कालीन वाहिनीवर जातो, आपला क्रमांक नियंत्रण कक्षाला पाठवतो आणि पोच मिळेपर्यंत ठरवून दिलेल्या संख्येपर्यंत तो क्रमांक पुन्हा पुन्हा पाठवत राहतो. त्यानंतर दहा सेकंद त्याचा ध्वनिग्राहक आपोआप उघडा राहतो. बोलण्याचे बटण न दाबताही आसपासचे सारे नियंत्रण कक्षात ऐकू येते. पडलेल्या रुग्णाला दोन्ही हातांनी धरून ठेवलेल्या सिस्टरला याहून अधिक काही करावे लागू नये, हा त्यामागील विचार आहे.

अपघात विभागातील संच याहून थोडे वेगळे ठेवले आहेत. तेथे बटण दाबल्यावर संचावर दिवा लागत नाही, सूर वाजत नाही, पडदा बदलत नाही. त्याचे कारण आपणा सर्वांना ठाऊक आहे. रुग्ण दगावल्यावर संतप्त जमाव कक्षात शिरतो, तेव्हा समोरच्या माणसाने मदत मागितली हे त्या जमावाला दिसणे धोक्याचे असते. महाराष्ट्रात २०१० साली वैद्यकीय सेवा देणाऱ्या व्यक्ती व संस्था यांच्यावरील हिंसाचारास प्रतिबंध करणारा कायदा झाला. कायदा आपले काम नंतर करतो. पहिली पाच मिनिटे मात्र त्या कक्षात जे कोणी असतील त्यांनाच काढावी लागतात. नवे संच आल्यापासून हे मूक बटण एकदा खऱ्या कारणासाठी दाबले गेले. दाबणारी परिचारिका बावीस-तेवीस वर्षांची होती. चार रक्षक व पर्यवेक्षक तेथे पोहोचले आणि केवळ त्यांच्या येण्यानेच प्रकरण शब्दांवर थांबले. त्या मृत रुग्णाच्या भावाला पर्यवेक्षकांनी खुर्ची दिली, पाणी दिले व डॉक्टरांशी बोलणे करून दिले, हेही मला येथे नमूद करावेसे वाटते.

एक गोष्ट मात्र स्पष्टपणे समजून घ्यावी. नियंत्रण कक्षातील यंत्राने पोच दिली, याचा अर्थ माणूस निघाला असा होत नाही. यंत्राला यंत्राने दिलेली ती पावती आहे. म्हणून पर्यवेक्षकांनी त्या क्रमांकाला तोंडी हाक देणे बंधनकारक केले आहे. मूक संचांच्या बाबतीत मात्र हाक न देता थेट माणसे पाठवायची आहेत. चुकून बटण दाबले गेल्यास कोणालाही बोल लावला जाणार नाही. बोल लागेल या भीतीने खऱ्या वेळी हात आखडला, तर या खर्चाला अर्थ उरणार नाही. ९ जानेवारी २०२१ च्या रात्री भंडारा येथील जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात लागलेल्या आगीत दहा बालके दगावली. ती बातमी वाचल्यानंतर या राज्यातील कोणत्याही रुग्णालयाच्या प्रशासकाला रात्री तीनच्या सुमारास आपला शिशुकक्ष आठवत नसेल, असे मला वाटत नाही. आपल्या शिशुकक्षाच्या दाराबाहेर भिंतीवर एक संच कायम टांगलेला आहे. तो कोणीही, कोणत्याही कामासाठी, तेथून हलवायचा नाही.

दाराबाहेर का, असे काहींनी विचारले. हातसंच बोलतो तेव्हा त्यातून निघणारी शक्ती मोबाइलपेक्षा बरीच जास्त असते, आणि मोबाइलप्रमाणे जवळचा मनोरा पाहून ती आपोआप कमी होत नाही. ब्रिटनमधील वैद्यकीय उपकरणांविषयीच्या शासकीय संस्थेने १९९७ साली जी पाहणी प्रसिद्ध केली, तीत मोबाइलपेक्षा सुरक्षारक्षक, हमाल व आपत्कालीन सेवा यांच्या वॉकीटॉकींनी उपकरणांत कितीतरी अधिक व्यत्यय आणल्याचे आढळले होते. त्यानंतर उपकरणे पुष्कळ सुधारली. आताच्या आंतरराष्ट्रीय मानकांत अशा संचांपासून तीस सेंटिमीटर अंतरावरही उपकरण नीट चालावे अशी अपेक्षा असते. परंतु आपल्याकडे देणगीतून आलेली जुनी उपकरणेही आहेत. म्हणून अतिदक्षता विभाग, शिशुकक्ष व शस्त्रक्रियागृह यांच्या उंबऱ्याआत बोलण्याचे बटण दाबायचे नाही. दोन पावले बाहेर येऊन बोलायचे. आत संच नेणे अपरिहार्य असेल तर तो बंद करून न्यावा. नुसते बटण न दाबणे पुरेसे नाही, कारण अंकीय संच नियंत्रण कक्षाने केलेल्या विचारणेला आपण होऊन उत्तर देतो आणि तेवढ्यापुरता स्वतःच बोलतो. एमआरआय कक्षात संच बंद असला तरी न्यायचा नाही. तेथील चुंबक तो हातातून खेचून घेईल.

परवान्याविषयी थोडेच सांगते. आपल्या एका जुन्या आणि उदार देणगीदारांनी लिफ्टचा प्रसंग ऐकून इंटरनेटवरून दहा संच मागवले व प्रेमाने पाठवून दिले. ते आम्हाला साभार परत करावे लागले. भारतात ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातील अल्पशक्तीच्या हातसंचांना २०१८ च्या नियमांनुसार परवान्यातून सूट आहे. मात्र उपकरणाला मान्यता हवीच. आलेले संच या पट्ट्याबाहेरही चालणारे होते आणि त्यांवर मान्यतेचा कोणताही दाखला नव्हता. अशा विक्रीविरुद्ध केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ साली मार्गदर्शक सूचनाही काढल्या. सूट असलेले संच छोट्या दवाखान्याला पुरतील. आपल्या तळघरासह सात पातळ्यांना ते पुरत नाहीत, हे चाचणीत दिसून आले. त्यामुळे दूरसंचार विभागाच्या वायरलेस नियोजन व समन्वय शाखेकडे ‘सरल संचार’ या संकेतस्थळावरून रीतसर अर्ज करून कंप्रता मिळवली. तिचे शुल्क दरवर्षी भरावे लागते. म्हणूनच ताळेबंदात हा खर्च दोन ठिकाणी दिसेल, यंत्रे मालमत्तेत व शुल्क चालू खर्चात. त्या देणगीदारांनी परत आलेली रक्कम पुन्हा संस्थेलाच दिली आणि तीतून चार्जरची फळी झाली.

बॅटरीसंबंधी एवढेच, की कंपनी जे तास सांगते ते शंभर भागांपैकी पाच भाग बोलणे, पाच भाग ऐकणे व नव्वद भाग स्वस्थ राहणे या हिशेबाने सांगते. क्रिकेटचा धावफलक विचारणाऱ्याची बॅटरी पहाटे संपते, ही काही कंपनीची लबाडी नव्हे. संच अँटेनाला धरून उचलू नये. पाळी संपल्यावर तो जंतुनाशक फडक्याने पुसावा. द्रव थेट त्यावर ओतू नये.

शेवटी नोंदवहीविषयी, कारण ती माझ्या प्रांतातील आहे. इशारा आला की नियंत्रण कक्षाला दिसतो तो संचाचा क्रमांक. तो संच इमारतीत कोठे आहे, हे यंत्राला कळत नाही. उपग्रहावरून स्थान सांगणारी सोय छपराखाली भरवशाची नसते. क्रमांकावरून ठिकाण सांगते ती केवळ वही. पहिल्याच सरावात सात क्रमांकाच्या संचाचा इशारा आला. वहीनुसार तो दुसऱ्या मजल्यावर होता, रक्षक तिकडे धावले. प्रत्यक्षात दोन मामांनी उपाहारगृहात चहा घेताना आपापसांत संच बदलले होते आणि इशारा तळघरातून आला होता. सराव होता, म्हणून आम्ही सारे हसलो. त्या दिवसापासून संच घेताना व देताना वेळ, क्रमांक, कक्ष आणि सही या चार रकान्यांशिवाय संच हातात मिळत नाही, मग मागणारे वैद्यकीय संचालक असोत.

प्रशिक्षणाच्या पुढील तीन तुकड्या सोमवारपासून दुपारी तीन वाजता, पाळी बदलण्याच्या वेळी, दुसऱ्या मजल्यावरील सभागृहात होतील. पहिली तुकडी रात्रपाळीच्या सिस्टर व मावशींची आहे. त्यांनी येताना आपला चष्मा आणावा; नारिंगी बटणाशेजारची अक्षरे बारीक आहेत.